नागपूरच्या थंडीत बंद पडलेल्या मिलचे फोटो काढायचेत, वेळ आणि सेटिंग काय ठेवू?

भाऊ, आधी मालकाकडून लेखी परवानगी घे, वॉचमनला चहा पाजून आत घुसायचा विचार असेल तर राहू दे. आणि एम्प्रेस मिल डोक्यात असेल तर ती टाटांची १८७७ ची होती, तिथे आता मॉल आहे, दुसरी बघ.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढेमागे निघतो आणि भर दुपारीही डोक्यावर येत नाही, २१ डिसेंबरला जेमतेम ४५ अंश, म्हणून विटांच्या भिंतीवर, गंजलेल्या पत्र्यावर तिरपं ऊन मस्त बसतं, उन्हाळ्यात हे विसरा. जुन्या मिलच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं ना, त्याच्या काचा मुद्दाम उत्तरेला ठेवत, कामावर थेट ऊन नको म्हणून, त्यामुळे आत मऊ उजेड असतो, तिथे बारा वाजताही शूट कर. धुळीतले कवडसे पाहिजे तर दक्षिणेची फुटकी खिडकी शोध.

ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) १००, लेन्सचं छिद्र मध्यम म्हणजे एफ ८, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली), आणि खिडकी पांढरीफट्ट होऊ नये म्हणून एकाच फ्रेमचे तीन वेगवेगळे एक्स्पोजर, म्हणजे कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे फोटो. सिमेंटचे फुटके पत्रे हलवू नको, जुन्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. एकटा तर जाऊच नको बे.