सोलापुरात कॉलेज कॅम्पसच्या वायफायला लॉगिन पेज, पीईएपी की सर्टिफिकेट?

तुमच्या कॅम्पसवर आत्ता सगळ्यांना एकच वायफाय पासवर्ड आहे आणि तो बदलून काय घ्यावं असं विचारलंय. मी इथंच सोलापुरात एका कॉलेजचं नेटवर्क बघतो.

एकच पासवर्ड आधी बंद करा. "काय बे, पासवर्ड काय हाय?" एवढं विचारलं की गेटबाहेरच्या टपरीवाल्याला पण मिळतो, आणि पास होऊन गेलेल्या पोरांचे फोन गेटमध्ये आले की आपोआप जोडले जातात. कॅप्टिव्ह पोर्टल म्हणजे ते लॉगिन पेज, पाहुण्यांपुरतं ठीक आहे, पण बहुतेक ठिकाणी त्याच्या मागचं वायफाय उघडंच असतं, वायफाय स्वतः हवेत काहीच एन्क्रिप्ट करत नाही.

मग उरतं ८०२.१एक्स, म्हणजे प्रत्येकानं आपापल्या खात्यानं वायफायला जोडायची पद्धत: डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइज आणि मागं खाती तपासणारा रेडियस सर्व्हर. फ्रीरेडियस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं चालतं. प्रत्येकाचं खातं वेगळं, एकाचं बंद केलं तरी बाकीच्यांना कळत पण नाही.

आता पीईएपी, म्हणजे ८०२.१एक्समध्ये नाव-पासवर्डनं लॉगिन करायची पद्धत. सगळ्या फोनवर चालतं म्हणून सगळे तेच घेतात, पण त्यातलं पासवर्ड तपासणारं एमएस-चॅप-व्ही२ २०१२ मध्येच फोडून दाखवलंय, त्यामुळं सगळी भिस्त बाहेरच्या टीएलएस बोगद्यावर (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर), आणि तो बोगदा तेव्हाच कामाचा जेव्हा फोन सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, तपासतो. पोरं काय करतात, सेटिंगमध्ये 'तपासू नका' निवडतात आणि मोकळे होतात. मग कुणी नवी पेठेतून एक स्वस्तातला राउटर आणून त्याला तुमच्या वायफायचं नाव दिलं आणि लॅपटॉपवर खोटा रेडियस चालवला की फोन स्वतःहून तिकडं जातात, वायफायचा आणि निकालाच्या पोर्टलचा पासवर्ड एकच असेल तर बघा मग. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेलवर तो पर्यायच काढलाय, पण बाकी कंपन्यांच्या बऱ्याच फोनवर तो नंतरही राहिला.

माझं मत विचाराल तर ईएपी-टीएलएस, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या सर्टिफिकेटनं लॉगिन. पासवर्डच नाही, तर चोरणार काय? कटकट एकच, प्रत्येक फोनमध्ये सर्टिफिकेट घालणं. हाताने करायला गेलात तर ॲडमिशनच्या दिवसांत ऑफिसबाहेर रांग लागेल, म्हणून ऑनबोर्डिंग ॲप, म्हणजे वायफायची सेटिंग आपोआप टाकणारं ॲप, पाहिजेच. तुमची संस्था एड्युरोममध्ये (शिक्षणसंस्थांच्या सामायिक वायफाय सेवेत) असेल, भारतात ते अर्नेट ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी संस्था चालवते, तर गेटएड्युरोम ॲप वापरता येतं. एवढं जमत नसेल तर स्टाफ आणि कॉलेजच्या लॅपटॉपना टीएलएस द्या, पोरांना पीईएपी, पण वायफायचा पासवर्ड वेगळाच ठेवा आणि प्रोफाइल ॲपमधूनच टाकायला लावा, हाताने नाही.

पासवर्ड एलडीएपीमध्ये (सगळ्यांची खाती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) नीट हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असे, ठेवले असतील तर पीईएपी चालणारच नाही, त्याला एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) नाहीतर उघडा पासवर्ड लागतो. तिथं ईएपी-टीटीएलएस घ्या, तोही टीएलएस बोगदाच, आत पॅप, म्हणजे पासवर्ड बोगद्यातून जसाच्या तसा जातो. विंडोज ८ पासून ते आतच येतं, सर्टिफिकेट तपासणीची अट मात्र तीच.

प्रिंटर आणि स्मार्ट टीव्हींना यातलं बरंच काही येत नाही, त्यांना वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, देऊन टाका.