सहावीतल्या मुलासाठी सूर्यमालेचं मॉडेल करायचंय, थर्माकोलचे गोळे कोणत्या मापाचे आणू?

गोळे आणायला बाहेर पडायच्या आधी स्वयंपाकघरातले डबे उघडा. आमच्या मुलीचं मॉडेल आम्हाला दोनदा करावं लागलं. पहिल्या वेळी थर्माकोलचे गोळे आणले, सूर्यावर सोनेरी स्प्रे मारला आणि बघता बघता त्याला खड्डे पडले. स्प्रेमधल्या द्रावकात थर्माकोल विरघळतो. गोळेच वापरणार असाल तर पोस्टर कलर लावा.

पण खरा प्रश्न मापाचा आहे. विकतच्या सेटमध्ये सूर्य गुरूच्या जेमतेम दुप्पट असतो आणि सगळे ग्रह वीतभर अंतरावर. मुलांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसतं, आणि मला ते फार खटकतं.

दुसऱ्या वेळी १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असं प्रमाण धरलं. सूर्य झाला १४ सेंटीमीटरचा, तेवढा रबरी चेंडू मिळाला. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा दाणा! शुक्रालाही मोहरीच, मंगळाला खसखस, बुधाला रव्याचा कण. गुरूला बारकं द्राक्ष घेतलं होतं, पण ते सुकतं म्हणून गोटी ठेवली. शनीला टपोरा काबुली चणा आणि कार्डाची कडी, युरेनस-नेपच्यूनला तुरीचे दाणे. ह्या दोघांना फिकट निळसर-हिरवा रंग द्या. नेपच्यून गडद निळा दाखवतात, पण २०२४ च्या अभ्यासानुसार दोघांचे रंग जवळजवळ सारखेच आहेत. कार्डावर डिंकाने चिकटवलेली मोहरी मुलीने चेंडूशेजारी धरली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

अंतरासाठी आसारी, म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळायची फिरकी घ्या. संक्रांतीनंतर घरात पडलेली असेलच. तिच्यावर साधा सुती दोरा गुंडाळा, नायलॉनचा मांजा अजिबात नको. चेंडूपासून मोजून कागदी झेंडे बांधा: बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७७.८, शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५०.

रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आम्ही हा दोरा उलगडला. मंगळापर्यंतचे चार झेंडे पटापट आले, मग गुरूचा येईचना. ‘बाबा, बांधायचा राहिला का?’ असं मुलीने तीनदा विचारलं. नेपच्यूनसाठी तर मैदानाला वळसा घालावा लागला. परतताना तिने दोऱ्यावर बोट ठेवून सेकंदाला ३ सेंटीमीटर सरकवलं, कारण ह्या मापात प्रकाशाचा वेग तेवढाच होतो. सूर्यापासून मोहरीपर्यंत आठ मिनिटं वीस सेकंद!

शाळेत टेबलावर चेंडू, दाण्यांचं कार्ड आणि आसारी एवढंच ठेवा. मुलाला गुरूबद्दल एक गोष्ट नक्की सांगायला शिकवा: सूर्याभोवती एक फेरी मारायला गुरूला ११.८६ वर्षं लागतात, आणि तो सिंह राशीत येतो तेव्हा आपल्याकडे सिंहस्थ भरतो. नाशिकच्या मुलाला हे आलंच पाहिजे.

आणि सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ह्याच मापाने सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. काश्मीर ते कन्याकुमारीसुद्धा त्याला कमी पडतं. हे घरी सांगू नका, मैदानावर दोरा हातात असताना सांगा.