मुलांचे निर्णय अचानक कळले तर सुरुवातीला एवढंच करा

ताई, मुलगी घटस्फोट घेतेय आणि त्यातच मुलाने नोकरी सोडली, म्हणजे पायाखालची जमीन सरकणारच. रडू येत असेल तर रडा, पण तुम्हाला सावरायचं काम मुलांवर टाकू नका.

सध्या तीनच गोष्टी सांभाळा:

- मुलीला आधी "का?" विचारू नका. "तू कशी आहेस? माझ्याकडून काय हवंय?" एवढं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. तुम्हाला आज कळलेल्या निर्णयावर तिने कितीतरी रात्री जागून काढल्या असतील. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- नातेवाइकांना काय आणि कधी सांगायचं, ते मुलं ठरवतील.
- भावनेच्या भरात पैशांचा शब्द देऊ नका. म्हातारपणाची पुंजी तर नकोच.

बऱ्याच आया इथे एक चूक करतात: जावयाला परस्पर फोन करून समजूत घालायला जातात. हेतू चांगला असतो, पण लेकीचा विश्वास तिथेच तुटतो. आणि मारहाण किंवा धमक्या असतील तर समेटाचा विषयच नको, आधी तिची सुरक्षितता.

वाटण्या, कागदपत्रं, नातवंडांचा ताबा यांत आत्ता शिरू नका. तुमची झोप आणि भूक दोन आठवडे परतली नाही तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. मुलाशी निवांत बोलणं झालं की कळवा, त्याचं वेगळं बघू.