सांध्यांच्या कॉइल मशिनी काढून मोटरच्या बसवाव्यात का?

तुमची अडचण अशी, की मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) हलवणाऱ्या कॉइलच्या मशिनी, म्हणजे विद्युतचुंबकाच्या झटक्यावर चालणाऱ्या, सांधा कधीकधी अर्धवटच टाकतात. मोटरच्या बसवाव्यात का आणि बसवल्या तर टॉगलवर (साध्या खटक्याच्या स्विचवर) चालवाव्यात की डीसीसी डिकोडरवर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश ओळखणाऱ्या सर्किटवर)? बसवा. यात घोळत बसण्यासारखं काही नाही.

आमच्या ग्रुपच्या लेआउटवर यार्डातल्या सांध्यांना मी टॉर्टॉइज (सावकाश चालणाऱ्या मोटरच्या मशिनी) बसवल्या, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद सारखे म्हणायचे, "तीन सेकंद कोण थांबणार? कॉइल कशी खट्कन काम करते बघ." खट्कन करते, मान्य. पण त्या दणक्याने पात्यांचं (सांध्यातल्या सरकणाऱ्या रुळांचं) सोल्डर सुटतं आणि बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की कॉइल जळते. मोटर सावकाश येते, टोकाला अडते आणि अडल्या जागी पातं रुळाला दाबून धरते. त्यासाठी तिला 15-16 मिलिअँपियर पुरतात, म्हणून ती दिवसभर चालू राहिली तरी बिघडत नाही.

मग एका सांध्यावर इंजिन थांबायला लागलं. लगेच, "तुझ्या मोटरी!" मी मल्टिमीटर घेऊन बसलो. दोन्ही रुळांत करंट व्यवस्थित, फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) काहीच नाही. त्या फ्रॉगला करंट फक्त पातं रुळाला टेकण्यातून मिळत होता आणि रूळ खरे दिसावेत म्हणून नुकताच मारलेला गंजासारखा रंग पात्याच्या आतल्या बाजूला गेला होता. जुन्या वायरिंगला हात लावू नकोस, असं मला याच सभासदांनी बजावलं होतं. टॉर्टॉइजमध्ये कॉन्टॅक्टचे दोन संच आयतेच असतात. एका संचाचं मधलं टर्मिनल फ्रॉगला जोडलं, कडेची दोन दोन रुळांना, आणि सगळ्यात छोटं शंटिंग इंजिन अगदी रांगत नेलं. कुठेही अडलं नाही. दोष रंगाचा होता आणि त्या वायरिंगचा. मोटरीचा मुळीच नव्हता.

तेव्हा फ्रॉगची वायर पहिल्याच दिवशी जोडा, कोणी काहीही म्हणो.

डिकोडर नंतर बघा. आधी डीपीडीटी टॉगल (करंटची दिशा उलटवता येणारा स्विच) आणि 12 व्होल्ट डीसी. मोटरच्या वायरीत सिरीजमध्ये दोन एलईडी एकमेकांच्या उलट जोडून टाकले, की सांधा कुठे टाकलाय ते पॅनलवर दिसतं.

सांधे पेको कंपनीचे असतील तर आतली स्प्रिंग काढा, नाहीतर ती मोटरला अडवते. प्लायवूड जाड असेल तर मशीनबरोबरची तार लवते, त्याहून जाड पियानो वायर घ्या. आणि टेबलाखाली एवढी उंच मशीन मावतच नसेल, तर कॉइल राहू द्या, पण कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेली वीज एकदम सोडून जोराचा झटका देणारं सर्किट) लावा. सांधा अर्धवट पडतो तो बऱ्याचदा झटका कमी पडल्यामुळेच, तेव्हा तुमची तक्रार कदाचित तेवढ्यानेही मिटेल. तरी मेन लाइनच्या सांध्यांना मी मोटरच बसवेन.