गोळी फुलते आणि गोळी फुटते

प्रश्न असा आला आहे: शिकारीवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'बुलेट फेल्युअर'साठी 'गोळी निकामी झाली' चालेल का? मूळ प्रसंगात गोळी अगदी जवळून जनावराच्या खांद्याला लागते, तरी ते निसटते.

मला हा शब्द इथे पटत नाही. बॉम्ब निकामी करतात तो उडू नये म्हणून. त्यामुळे 'निकामी गोळी' वाचताच बार झालाच नाही असे वाटते. त्यासाठी 'फुसका बार' आहे, आणि तो दोष काडतुसाचा. 'गोळी वाया गेली' म्हटले की नेम चुकला. इथे बारही झाला, नेमही लागला. दगा दिला तो गोळीने, जनावराच्या अंगात शिरताना.

हा दगा दोन तऱ्हांचा असतो, आणि मराठीत त्याला नेमकी क्रियापदे आहेत. शिकारीच्या नेहमीच्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. अंगात शिरताना टोक उलगडून मागे वळते, गोळी अळंबीसारखी होते, व्यास दीडपट-दुप्पट होतो. हे 'फुलणे'. लांबच्या पल्ल्यावर वेग मंदावला तर ती न फुलताच बारीक भोक पाडून आरपार जाते. उलट जवळून, भरवेगात हाडावर आदळली तर 'फुटते': वरच्यावर तुकडे होतात, फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. दोन्हीकडे घायाळ जनावर तडफडत दूर जाते, म्हणून या शब्दांत गल्लत नको.

१९४६ साली कॅनडात मूस या प्रचंड हरणावर अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर यांच्या गोळ्या अशाच फुटल्या. त्यातून त्यांनी मधे आडवी भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो.

पण फुटणे हा दरवेळी दोष नव्हे. लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच्या गोळ्या फुटण्यासाठीच बनवतात, आणि हत्तीसाठीची भरीव गोळी तर फुलताच कामा नये. जिच्यावर ज्या कामाचा भरवसा टाकला ते तिने केले नाही, तरच दगा.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'गोळी खांद्यावर बसली, पण हाडाला लागताच फुटली; आत शिरलीच नाही.'