कॅलिफोर्नियात अपंगांच्या सोयींवरून दुकानावर दावा आलाय, पैसे देऊन मिटवावं की लढावं?

भावाच्या किराणा दुकानावर दावा आलाय, वादीने असे शेकडो दावे ठोकलेत, मग ही खंडणीच ना, असं तुम्ही विचारलंय. फ्रीमाँटला आमच्या वडापावच्या दुकानावर आला तेव्हा मीही हाच शब्द वापरला होता.

मग कागद वाचले. अपंगांच्या पार्किंगशेजारची निळ्या पट्ट्यांची जागा अडवलेली, टॉयलेटमधला आरसा उंच. पट्ट्यांवर काय होतं? आमचीच कांद्याची पोती! दाजी, म्हणजे माझे भागीदार, दर गुरुवारी तिथे माल उतरवायचे आणि दुपारपर्यंत तो तिथेच. ती जागा गाडीतून व्हीलचेअर उतरवायला असते. पोतं आडवं आलं की माणूस गाडीतच अडकला. बेसिनवरच्या आरशाची खालची कड जमिनीपासून ४० इंचांच्या वर नको. आमच्या आरशात बसलेल्या माणसाला फक्त छत दिसलं असतं. तो खाली घ्यायला वीस मिनिटं लागली.

दुकान घेतानाच मी म्हटलं होतं, आधी कॅस्पवाला, म्हणजे अपंगांच्या सोयी तपासणारा राज्यमान्य तपासनीस बोलवू. दाजी म्हणाले, "बिल्डिंग जुनी आहे, आपल्याला लागू नाही. शिवाय लँडलॉर्ड बघेल की." दोन्ही चूक. १९९० चा एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा फेडरल कायदा, जुन्या बिल्डिंगलाही सोडत नाही. सहज जमण्यासारखं असेल ते करावंच लागतं. आणि दावा मालकावर होतो तसा भाडेकरूवरही होतो. एडीएखाली वादीला भरपाई नाही, फक्त दुरुस्तीचा हुकूम आणि वकिलाची फी. पैसा आहे तो राज्याच्या अनरू कायद्यात, वादी अडला त्या दर खेपेला किमान ४,००० डॉलर. दाव्याआधी तपासणी झाली असती, तर दुरुस्तीला १२० दिवस मिळून ही किमान भरपाई टळू शकली असती. ५० पर्यंत कामगार असलेल्यांना ही सवलत आहे. दाजींनी तपासनिसाची फी वाचवली!

भावाला म्हणावं, भांडण नंतर, आधी दुरुस्ती, तारखेसकट फोटो काढून. २५ पर्यंत कामगार असतील, तर दावा हातात पडल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केल्यास ४,००० चे २,००० होऊ शकतात. उलाढालीची अट आहे, वकिलाला विचारा. मी वकील नाही. दुरुस्तीच्या खर्चावर फेडरल करात सूटही मिळते. आम्ही मिटवलं. आकडा सांगत नाही, कारण सही केलीय.

आणि भावाला भागीदार असेल, तर तपासणीचा विषय ईमेलवर लिहून ठेवायला सांगा. मी तोंडी बोललो होतो. दाजी आता म्हणतात, असं बोलणं झालंच नव्हतं.