बाप्तिस्म्याचा दाखला

"ताई, मी धर्म नाही बदलत. फक्त चर्च बदलतोय. तरी घरात कुणीतरी गेल्यासारखं वातावरण आहे."

कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच ते हे बोलून मोकळे झाले. वय 41, हायस्कूलात गणित शिकवतात. इथे त्यांना मास्तर म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. किनाऱ्यावरच्या एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेले, आणि आता कॅथलिक व्हायचं मनात आलेलं. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे पुष्कळदा येतो, कधी पंथावरून, कधी गुरूवरून, कधी लग्नावरून: आईवडिलांनी लावलेली वाट सोडली तर ती त्यांच्याशी बेइमानी होते का?

मी ख्रिस्ती नाही. बाहेरच्या माणसाला सगळे ख्रिस्ती एकच वाटतात, तसे ते मलाही वाटत. आमच्या सिंधुदुर्गात कॅथलिक बरेचसे कोकणी बोलणारे, गोव्याशी सोयरीक असलेले. प्रॉटेस्टंट कुटुंबं थोडी आणि मराठी. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यात दवाखाना चालवला, त्या डॉक्टरांच्या घरी 1919 साली जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि 1977 साली अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. मास्तरांच्या आजोबांचा बाप्तिस्मा मिशनच्याच काळातला. भावकीने वाळीत टाकलं, विहिरीवर पाणी भरू देईनात. त्या घरात चर्च म्हणजे फक्त रविवारची जागा नव्हे, सगळं गमावून मिळवलेली वस्तू.

मास्तरांचे वडील दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात गेले. मंडळीने सगळं नीट केलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झाली, पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घरी येऊन बसले, आठवडाभर कुणाकुणाकडून जेवणाचे डबे आले. अडचण पुढे सुरू झाली. मंडळीत उत्स्फूर्त प्रार्थना असते. उभं राहायचं आणि मनातलं बोलायचं. मास्तर त्यात तरबेज, म्हणून पाळक नेहमी त्यांनाच उठवत. वडील गेल्यावर ते उठले आणि तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या खेपेला जमलं, पण आपण खोटं बोलतोय असं वाटत राहिलं. मग ते मागच्या बाकावर बसू लागले, कुणी नाव घेऊ नये म्हणून.

2 नोव्हेंबरला शाळेतला एक सहकारी त्यांना आपल्या दफनभूमीत घेऊन गेला. त्या दिवशी कॅथलिक आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात. गवत काढलेल्या कबरी, झेंडू, वाऱ्याला हाताचा आडोसा करून लावलेल्या मेणबत्त्या. मास्तरांच्या वडिलांची कबर तिथे नव्हतीच, तरी ते तिथे ढसाढसा रडले. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. त्यानंतर शाळेच्या आधी सकाळच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, जाऊन बसायला लागले. मिस्सा कोकणीत, मालवणी येणाऱ्याला ती परकी वाटत नाही. "तिथे शब्द आयते असतात, ताई. मला काढावे लागत नाहीत. सगळ्यांबरोबर नुसते म्हणायचे. मी गप्प राहिलो तरी प्रार्थना थांबत नाही."

इथे मी चूक केली. मी म्हटलं, "हा धर्माचा प्रश्न नसून शोकाचा आहे. शोक निवळला की ओढही कमी होईल." पाठ्यपुस्तकात शोभेल असं वाक्य. मास्तर मान हलवून गेले आणि पुढच्या दोन वेळा आलेच नाहीत. परत आले तेव्हा गणिताच्या शिक्षकासारखं बोलले: "तुम्ही कारण शोधलंत आणि तेच उत्तर धरलंत. भूक लागली म्हणून माणूस खानावळीत शिरला, तर तिथलं जेवण खोटं ठरत नाही ना?"

मी माफी मागितली. त्यानंतर 'का जाताय' यावरून मी हटले आणि 'कसे जाताय' याकडे वळले. मला वाटतं, समुपदेशकाचं काम तिथेच आहे. पोप, मारियामाता, मिस्सा हा यज्ञ की स्मरण, यावर चारपाच शतकं भांडण चाललंय. त्यात मी कशाला पडू? एवढंच तपासलं की मंडळीत कुणाशी बिनसलंय का. पंच कमिटीच्या निवडणुकीवरून रुसून दुसऱ्या चर्चात गेलेले लोक मी पाहिले आहेत. वर्षभरात तिथल्या कमिटीशी वाजतं. मास्तरांचं तसं काही नव्हतं. पाळकांवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच त्यांना हळूच, कुणाला न सांगता निसटायचं होतं.

मी दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे वर्षभर थांबा. शोकाचंही एक वर्ष असतं आणि मिस्साचंही: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर. सगळ्या ऋतूंत तिथे बसून बघा, फक्त नोव्हेंबरात नको. दुसरी म्हणजे फादरना स्पष्ट विचारा की नेमकं काय काय करावं लागेल.

फादरच्या उत्तराने सगळंच वळण बदललं. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तो पुन्हा देत नाहीत. मास्तरांनी विश्वासाची कबुली द्यायची, मग दृढीकरणाचा संस्कार आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर. लग्न पुन्हा लावायचं नाही. फक्त एक कागद लागेल: जुन्या मंडळीतला बाप्तिस्म्याचा दाखला.

म्हणजे निसटणं बंद. दाखला पाळकांच्याच सहीचा. मास्तर तीन आठवडे त्यांच्या दारावरून स्कूटर नेत राहिले. शेवटी गेले. पाळकांनी जुनं रजिस्टर काढलं, नाव शोधलं, वडिलांची सही दाखवली. म्हणाले, "मला वाईट वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही." मग दाखला लिहून दिला. निघताना दोघांनी प्रार्थना केली. पाळकांनी मास्तरांना उठवलं नाही, स्वतःच बोलले.

आई मात्र ऐकेनात. शेवटी एकदा त्याच माझ्याकडे आल्या, छत्री खोलीच्या कोपऱ्यात टेकवून ताठ बसल्या.

"आमच्या सासऱ्यान म्हाळ सोडल्यान, सगळा सोडल्यान. आणि ह्यो आता मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावूक जाता!"

मला पटकन काही सुचलं नाही. माझी आजी भाद्रपदात म्हाळाचं पान वाढून कावळ्याची वाट बघायची. या बाईंच्या घराने ते सोडताना काय मोजलं होतं, ते मला त्या एका वाक्यात कळलं. मुलाने मेणबत्ती लावली की त्यांना सासऱ्याची सगळी किंमत वाया गेल्यासारखी वाटत होती. मी समजूत घातली नाही. सासऱ्यांबद्दल विचारलं, मग त्यांच्या माहेरच्या मंडळीबद्दल. त्यांच्या शाळकरी वयात, 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. "बोर्ड बदललो, बाकडी तीच," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा जरा हसल्या. तेव्हाही वडीलधारे कुरकुरले होते म्हणे.

मग त्यांनी जे मनात होतं ते विचारलं. "ह्येका परत बुडवतले मा?" म्हणजे आपण तान्हेपणी दिलेला बाप्तिस्मा खोटा ठरवणार ना. मी दाखल्याची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"म्हणजे आमचा पाणी त्यांका चलता?"

"चलता," मी म्हटलं.

यावरून सगळं सुटलं असं कुणी समजू नये. सर्वांत अवघड गाठ तशीच आहे. मास्तर आता आईच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर, घेत नाहीत, कारण त्यांच्या नव्या चर्चचा तो नियम आहे. आईंनाही मिस्सात ख्रिस्तशरीर घेता येत नाही. बायको म्हणते, "तुम्ही तिकडे जा, मी आईंबरोबर बसते," आणि ती ते मनापासून म्हणते की थकून, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिला बोलावलं आहे.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी मास्तरांना चर्चात घेतलं. आई गेल्या नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात मंडळीत प्रभुभोजन होतं. मास्तर पहाटेच मिस्सा आटोपून आले, आईला स्कूटरवरून मंडळीत नेलं आणि वडिलांच्या बाकावर तिच्या शेजारी बसले. भाकरीचं ताट फिरत फिरत त्यांच्या हातात आलं. त्यांनी काही न घेता ते आईपुढे धरलं. आईंनी आपला तुकडा घेतला, मग ताट त्यांच्या हातून काढून घेतलं आणि पलीकडच्या माणसाला दिलं.